थोडी उंच

गावाचं नाव बरी.
तसं बरंच आहे.
मँचेस्टरहून अर्ध्या तासाच्या ट्रॅमवर,
बंद पडलेल्या गालिच्यांच्या दुकानावर आमची लॅब.
जिन्यात ओल्या प्लास्टरचा वास
आणि फळीवर ओळीनं मांडलेले जबडे,
लोणच्याच्या बरण्यांसारखी लेबलं लावलेले.

बावीस वर्षं मी इथे दात करते.
इंग्रजीत ह्याला मुकुट म्हणतात.
आपल्याकडे कॅप. टोपी.
आणि टोपी घालणं म्हणजे काय, ते सांगायला नको.
मी दोन्ही करते म्हणा:
राज्य नसलेल्याला मुकुट
आणि त्याच्या आरशाला टोपी.

सकाळी डबा येतो. आत साचा, वर चिठ्ठी:
वरची डावी दाढ, रंग ए-तीन,
बाई, वय एकसष्ट,
चहाचा डाग शेजारणीशी जुळवावा.
नाव नसतं, नंबर असतो.
पण दाढ सगळं सांगून टाकते.
ही झोपेत दातओठ खाते.
हा एकाच बाजूनं चावतो, दुसरी कधीची रुसलेली.
हिनं टाचण्या तोंडात धरून जन्मभर शिवण केलं,
पुढच्या दातांना बारीक खाचा पडल्यात.
मार्केटात ब्लॅक पुडिंग विकणारी बाई हसली
की मी आधी तिच्या दाताकडे बघते,
हा माझा का?

बारीक कुंचल्यानं चिनी मातीचा लेप,
थरावर थर, मग भट्टी.
बाहेर येतो तेव्हा निखारा असतो,
निवता निवता कुणाचा तरी होतो.

आईनं माझं नाव कुंदा ठेवलं.
कुंदकळ्यांसारखे दात, वगैरे.
रंगांच्या पट्टीवर कुंदकळी नाही.
तिशीनंतर कुणाचाच दात पांढरा राहत नाही,
मुळाशी पिवळा, टोकाशी राखी,
मध्ये एखादी तपकिरी रेघ.
त्या रेघेलाच माझा सगळा वेळ जातो.
टेरेन्स म्हणतो, डाग तू छान टाकतेस.
ह्या देशात मिळालेलं माझं सर्वांत मोठं कौतुक.

मग बहिणीनं धाडलेल्या डिंकाच्या लाडवात
खारकेच्या बीचा तुकडा.
कट्.
माझी स्वतःची. खालची उजवी.

दिव्याखाली अंधार तो हा.
सरकारी डेंटिस्ट नवीन नावं घेत नाहीत.
सहा ठिकाणी फोन केले, दाताच्या कण्या केल्या
(उरलेल्या दातांच्या).
खाजगीतला आकडा ऐकून दातखीळ बसली.
पंधरा महिने मी डावीकडून जेवले
आणि उजव्या हातानं लोकांच्या दाढा केल्या.

मग रॉचडेलहून फोन, एक जागा झालीय.

त्यांनी साचा घेतला. तो कुठे जाणार, मला ठाऊक होतं.
शुक्रवारच्या डब्यातून माझा जबडा निघाला.
बावीस वर्षांत पहिल्यांदा
एका साच्याची मला लाज वाटली.
केवढं झिजलंय.
म्हणजे रात्री मीही दातओठ खाते.
कुणावर, कोण जाणे.
टेरेन्स म्हणाला, दे, मी करतो.
नको म्हटलं.

रंग ए-साडेतीन.
सुपारी सोडून वर्षं झाली,
तरी तिची रेघ काढली.

मंगळवारी खुर्चीत. अर्धा ओठ दुसऱ्या कुणाचा.
डॉक्टर मेहरीन, पोरगेलीशी,
निळा कागद दाढांमध्ये धरून म्हणाली, चावा.
परत. आता घासा.
ठिपका उमटला असणार.
कुठे, ते मला न बघता माहीत.
थोडी उंच आहे, ती म्हणाली,
लॅबवाले नेहमी थोडी उंचच ठेवतात.

परत आलेल्या चिठ्ठ्यांवर शेकडो वेळा वाचलेलं वाक्य.

तोंडात तिची दोन बोटं होती.
मी मान डोलावली.
तिनं ड्रिल उचललं.